झुरळ की फळमाशी?

खानापूरची माझी भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाचा विषय ठरलाय: कीटकांच्या मेंदूत आणि आतड्यात, दोन्हीकडे तयार होणारी संदेशवाहक पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. अडलंय ते प्राण्यापाशी.

झुरळाचा वारसा मोठा. 1975 साली प्रॉक्टोलिन या पेप्टाइडची रचना उलगडली ती अमेरिकन झुरळातूनच. अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी! झुरळाचं पश्चांत्र, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, क्षारद्रावणात ठेवलं तरी आकुंचन पावत राहतं. पेप्टाइडचा थेंब टाकायचा आणि फरक मोजायचा. हाताला सराव हवा, पण साधा डायसेक्शन मायक्रोस्कोप पुरतो. मात्र बेळगावच्या गटारातली झुरळं नकोत. त्यांच्या अंगात कोणतं औषध गेलंय, कोण सांगणार? घरी वाढवायची तर पिलाचं प्रौढ व्हायला कित्येक महिने जातात.

फळमाशीची पिढी 25 अंशांना साधारण दहा दिवसांत तयार. तिचा जीनोम, म्हणजे जनुकांचा संपूर्ण आराखडा, 2000 सालापासून उपलब्ध आहे, त्यामुळे एकेक जनुक बंद करून पाहता येतं. टॅकिकायनिन हे पेप्टाइड तिच्या मेंदूत गंधाच्या संदेशांवर काम करतं, तर आतड्यात चरबी बनण्यावर लगाम ठेवतं. एकच रेणू, दोन कामं. मला हे फार विलक्षण वाटतं. पण ते दिसायला त्या पेप्टाइडला चिकटणारी अँटिबॉडी आणि तिची चमक दाखवणारा फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप लागतो, आणि तिथेच खर्च वाढतो. जूनमध्ये फणसावर घोंगावणाऱ्या माश्या चालणार नाहीत, शुद्ध वाणच मागवावा लागेल.

एका सत्रात, कॉलेजच्याच प्रयोगशाळेत, पेप्टाइडचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर वाढवलेली झुरळं मिळवावीत. पुढे पीएच.डी. करायची असेल आणि मोठ्या प्रयोगशाळेची दारं उघडी असतील, तर फळमाशी.