स्टोरीवीव्हर : ओघवत्या वाचनाच्या सरावासाठी कितपत उपयोगी?

‘प्रथम बुक्स’ या ना-नफा बालपुस्तक प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे बालपुस्तकांचे मोफत संकेतस्थळ बहुतेक पालक गोष्टींचा साठा म्हणून वापरतात. दुसरी-तिसरीत असूनही अक्षरे लावत वाचणाऱ्या मुलांच्या वाचनाला ओघ यावा, या हेतूने मी ते वापरले आणि त्या कामासाठी ते मला चांगलेच उपयोगी वाटले.

बाराखडी आली म्हणजे वाचता आले, असे होत नाही. ‘आजीच्या पिशवीतल्या पेरूंचा वास घरभर पसरला’ हे वाक्य ‘पि... श... वी... त... ल्या’ असे फोडत वाचणारे मूल ‘पसरला’पर्यंत पोहोचते, तोवर कशाचा वास हेच त्याच्या ध्यानातून निसटलेले असते, कारण सारे लक्ष अक्षरे जुळवण्यातच खर्ची पडते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच येत असल्याने शब्द लांबतात. ‘पिशवीतल्या’ एका नजरेत ओळखू येऊ लागले, की अर्थाकडे पाहायला उसंत मिळते.

त्यासाठी तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावा लागतो, आणि संकेतस्थळावरील पहिल्या, म्हणजे सर्वांत सोप्या वाचनस्तराची चिमुकली, सचित्र पुस्तके नेमकी इथे कामी येतात. पाठ्यपुस्तकातला धडा चौथ्यांदा वाचायला सांगितला तर मूल तोंड वाकडे करते. पानावर एखाददुसरे वाक्य असलेली गोष्ट ते आनंदाने वाचते. पुस्तके खुल्या परवान्याखाली असल्याने छापूनही घेता येतात, आणि बोट ठेवून वाचायला कागदच बरा.

पडद्यावर काही पुस्तकांत गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आवाजाबरोबर शब्द उजळत जातात. वाक्यात कुठे थांबावे, प्रश्न कसा विचारावा, हे त्यातून छान कळते. मात्र मूल नुसते ऐकत बसण्याचा धोका आहे, म्हणून एकदा ऐकवून नंतर आवाज बंद करावा आणि शेजारी बसावे. येथे कोणालाही भाषांतर करता येते. त्यामुळे मराठी सर्वत्र सारखी सफाईदार नाही. स्तराच्या आकड्यावर विसंबू नये, आधी स्वतः वाचून जोडाक्षरांची गर्दी पाहावी.

पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे उद्दिष्ट आहे. घड्याळ लावायला हरकत नाही. पण गोष्ट संपल्यावर ‘आजी का हसली?’ असे काहीतरी विचारावेच, नाहीतर पोपटपंचीलाच वाचन समजले जाते. तिसरीतले मूल अडखळत असेल, तर संकोच न करता पहिल्या स्तरापासूनच सुरुवात करावी.