अ‍ॅब्लेशननंतर हृदय कसं चाललंय: इको की एमआरआय?

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आजारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होऊन रक्ताची बाहेर जायची वाट अडवतो. त्याला रक्त देणाऱ्या छोट्या धमनीतून अल्कोहोल सोडून तो जाड भाग निकामी करायचा, हा अ‍ॅब्लेशनचा उपचार 1994 पासून होतो. पुढचा प्रश्न असतो तपासणीचा.

माझं मत आधी इकोकडे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीकडे झुकतं. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेल लावतात आणि मध्येच सांगतात, "श्वास रोखून कुंथा." त्या क्षणी अडथळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक वाढतो का, हे स्क्रीनवर लगेच दिसतं. पूर्वी 50 मिमी पाऱ्याच्या वर असलेला हा आकडा 30 च्या खाली आला, तर वाट मोकळी झाली. मात्र पहिल्या काही दिवसांत सूज येऊन तो पुन्हा चढू शकतो. तेव्हा घाबरू नका, खरा निकाल काही महिन्यांनी कळतो.

इकोतला इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा, मात्र फसवा. या आजारात तो बहुधा चांगलाच येतो, आतला स्नायू थकलेला असला तरी. म्हणून स्ट्रेन, म्हणजे स्नायू स्वतः किती आकसतो ते, मोजायला सांगावं.

एमआरआय दाब तितका नीट दाखवत नाही, वेळही बराच खातो. पण गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, चित्र उठावदार करणारं औषध) दिल्यावर स्नायूतला व्रण नेमका कुठे आणि केवढा, हे त्याच्याइतकं स्पष्ट काहीच दाखवत नाही. इकोत चित्र धूसर असेल किंवा त्रास कमी होत नसेल, तर तो करावाच. पेसमेकर बसला असेल, तर तो एमआरआयला चालणारा आहे ना, हे आधी विचारा.