गच्चीवरचा पांढरा लेप : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा छळ सूर्य मावळल्यावर सुरू होतो. दिवसभर तापलेला स्लॅब साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो. या जाचाला कंटाळून आम्ही २०२४च्या मार्चमध्ये सुमारे ९०० चौरस फुटांच्या गच्चीवर ऊन परावर्तित करणारा पांढरा अ‍ॅक्रिलिक लेप एका स्थानिक कंत्राटदाराकडून लावून घेतला. दोन उन्हाळे काढल्यावर लिहीत आहे, कारण पहिल्या महिन्यात कोणतीही नवी वस्तू चांगलीच वाटते.

उघडे काँक्रीट उन्हाचा मोठा भाग शोषून घेते, तर चांगला पांढरा लेप नवा असताना सुमारे ८० टक्के ऊन परत पाठवतो. ही कल्पना काही नवी नाही. मे २०१०च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे तेथील वस्त्यांमधील छतांना पांढरा चुना देण्यात आला. तेलंगणाने तर २०२३मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

तुलनेसाठी जिन्यावरचा स्लॅब आम्ही मुद्दाम कोरा ठेवला होता. मे महिन्यात एका दुपारी तीन वाजता तो ६१ अंशांवर होता आणि लेप दिलेला भाग ४६ अंशांवर. एका आकड्यावर विसंबू नये, हे नागपूरकरांना सांगायला नको. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि नंतर तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. म्हणून मी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजत राहिलो. दुपारचा फरक बारा अंशांच्या खाली गेला नाही. खोलीच्या आत मात्र हाच फरक जेमतेम तीन अंशांचा उरतो. ‘एसीची गरजच भासणार नाही’ हे कंत्राटदाराचे आश्वासन त्यामुळे सोडून द्यावे. तरीही रात्री दहानंतर छताला हात लावला, तर पूर्वीसारखा चटका बसत नाही, आणि माझ्या लेखी पैसे तेथेच वसूल झाले.

कोरड्या हवेवर या लेपाचा काहीच परिणाम होत नाही. नाक कोरडे पडते, ओठ फुटतात, त्यासाठी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लागतोच, आणि हवा कोरडी असल्यानेच तो इकडे उत्तम चालतो. मात्र पूर्वी दिवसातून दोनदा भरावी लागणारी कूलरची टाकी आता एकदा भरून भागते. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत हा फायदा विजेच्या बिलापेक्षा मोठा आहे.

कामाच्या दर्जाबद्दल मात्र समाधान नाही. प्रति चौरस फूट ३२ रुपये घेऊनही भेगा नीट भरल्या नाहीत, प्राइमर घाईघाईने ओढला आणि नाळीजवळ, जेथे पावसाचे पाणी साचते, तेथे पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे निघाले. तक्रारीसाठी केलेल्या चार फोनपैकी एक उचलला गेला. दुसरी अडचण धुळीची. हिवाळाभर बसलेल्या धुळीने गच्ची राखाडी झाली होती आणि २०२५च्या एप्रिलमध्ये खोली पुन्हा तापू लागली. खराट्याने घासून धुतल्यावर गुण परत आला. समोरच्या इमारतीतील काकूंना दुपारी डोळे दिपतात, ही तक्रारही रास्त आहे.

पत्र्याचे लहान घर असेल तर एवढा खर्च करण्याऐवजी दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात तो धुऊन जातो, पण उन्हाळा काढून देतो. आमच्या स्लॅबला पुढच्या मार्चमध्ये तिसरा हात द्यायचा आहे. लेप तोच ठेवू, कंत्राटदार दुसरा पाहू.