गिझर बदलताय? दुकानात जाण्याआधी एकदा स्लॅबवर चढा

चवथीला आठ दिवस उरले होते आणि गोव्यात, आमच्या फोंड्याच्या घरातला पंचवीस लिटरचा गिझर खालून गळू लागला. न्हाणीच्या फरशीवर तांबूस ओघळ. प्लंबरने गिझर उतरवला, उलटा केला आणि आतली मॅग्नेशियमची कांडी ओढून काढली. कांडी कसली, सुतळीएवढी तार तेवढी शिल्लक होती. स्वतः झिजून टाकीला वाचवायचं, एवढंच त्या कांडीचं काम. ती संपली की गंज टाकीला लागतो. अकरा वर्षांत आम्ही एकदाही ती उघडून पाहिली नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. मेहुणा म्हणाला सोलर, शेजारी म्हणाले गॅस, दुकानदार म्हणाला इन्स्टंट. प्रत्येकाचं त्याच्या घरापुरतं बरोबरच होतं. ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी मी घातलेला हिशेब इथे मांडतो.

आपल्याकडे स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी वर्षातले बहुतेक महिने 25 अंशांच्या पुढेच असतं आणि अंघोळीला 40 अंश भरपूर होतात. म्हणजे प्रश्न पंधरा अंशांचा. उत्तरेतली थंडी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले सल्ले इथे अर्धे निकामी ठरतात, आणि गिझरच्या ताकदीपेक्षा तीन गोष्टी जास्त मोलाच्या होतात: ती टाकी किती उंचावर आहे, पाणी कुठून येतं आणि अर्थिंग खरोखर आहे का.

आधी इन्स्टंट, म्हणजे पाणी न साठवता वाहतं पाणीच तापवणारा. तीन किलोवॉटचा इन्स्टंट पंधरा अंश चढवून मिनिटाला जेमतेम तीन लिटर पाणी देतो. पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरते. बादली-तांब्याने न्हाणाऱ्या घराला यापेक्षा जास्त काही लागत नाही. शॉवरखाली उभं राहिलात तर मात्र ती धार केविलवाणी वाटेल. सत्तरी-सांग्यासारख्या आतल्या डोंगराळ तालुक्यांत डिसेंबरच्या पहाटे पाणी 20 अंशांवर आलं तर ती आणखी बारीक होते, मिनिटाला दोन लिटरच्या आसपास. यावर दुकानदार साडेचार किलोवॉटचा पुढे करतो. तो वीसेक अँपिअर ओढतो, म्हणजे न्हाणीतलं नेहमीचं 16 अँपिअरचं सॉकेट त्याला चालणार नाही. बोर्डापासून चार एमएमची स्वतंत्र वायर आणि वेगळी एमसीबी (जादा करंट ओढला गेला की वीज तोडणारा स्विच) लागते. जुन्या घरात या वायरिंगचा खर्च गिझरच्या किमतीला टेकू शकतो.

साठवणीचा गिझर, म्हणजे आपला नेहमीचा टाकीवाला. पंचवीस लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज आणि दोन किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास लागतो. ते 60 अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की 40 अंशांचं जवळपास 58 लिटर होतं, म्हणजे चार बादल्यांना थोडं कमी. पंधरा लिटरच्या गिझरातून याच हिशेबाने दोन बादल्या निघतात आणि वर थोडं उरतं. चौघांच्या घराला पंचवीस, दोघांना पंधरा. याहून मोठा घेऊ नका. न वापरलेलं गरम पाणी टाकीत नुसतं थंड होत बसतं. स्टार लेबलवरचे तारे मोजण्याबरोबर त्यावरचा दिवसाच्या उष्णतागळतीचा आकडाही वाचा. दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना तो महत्त्वाचा. अंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करणाऱ्यांना चार तारे की पाच, याने बिलात फारसा फरक दिसणार नाही.

गॅस गिझर मोहात पाडतो, कारण गरम पाणी संपतच नाही. 14.2 किलोच्या सिलिंडरमधून पाण्याला मिळणारी उष्णता साधारण 145 युनिट विजेइतकी धरा. आपल्या बिलातल्या दराने त्याला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. पैशाचा निकाल घरच्या घरी लागेल. माझा आक्षेप पैशाचा नाही. ज्वाला जळते ती खोलीतल्या हवेवर. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि आपण जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय करतो? पावसाची झड आत येते म्हणून न्हाणीची खिडकी घट्ट लावून घेतो. गॅस गिझर न्हाणीत नकोच. तो बाहेर, मोकळ्या पडवीत बसवून गरम पाण्याचा पाईप आत आणता येत असेल, तरच विचार करा. दुसरी अडचण दाबाची. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. बैठ्या घरात टाकी नळापेक्षा दोन-अडीच मीटरच वर असते, तेवढ्या दाबावर बरेच गॅस गिझर पेटतच नाहीत. शेजाऱ्यांचा पेटतो, कारण त्यांची टाकी लोखंडी मांडणीवर उंच आहे. घरी पाईपचा गॅस येत असेल तर सिलिंडरवर चालणारा गिझर त्याला तसाच जोडू नका, दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असतात.

सोलरबद्दल मेहुण्याशी माझं अजून एकमत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे चटका बसेल इतकं गरम पाणी असतं, तेव्हा घरात कोणालाच ते नको असतं. आणि पावसाळ्यात भिजून घरी आल्यावर जेव्हा हवं असतं, तेव्हा आठ-आठ दिवस ऊन नाही. मग सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावा. शिवाय गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी, पॅनेल दक्षिणेकडे हवं आणि माडाची सावली नको. माडाखाली काचेच्या नळ्या लावणाऱ्याला नारळाचा हिशेब वेगळा सांगायला नको, आणि माकडं आहेतच. दहा जणांचं कुटुंब किंवा पाहुण्यांच्या खोल्या असतील तर सोलर परवडेल. पण स्लॅबवर तेवढी जागा आहेच, तर मी त्यावर वीज बनवणारी पॅनेल लावीन. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ती वीज गिझरखेरीज पंख्यालाही उपयोगी पडते. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप आपल्या दमट हवेत उत्तम चालतो, तेवढ्याच विजेत तिप्पट काम करतो, पण चौघांच्या घरासाठी त्याची किंमत वसूल व्हायला फार वर्षं जातील.

गिझरची टाकी निवडताना पाणी बघा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात क्षार साचत नाहीत, पण धातू हळूहळू खाल्ला जातो. किनारपट्टीच्या बोअरला खारेपणा येतो, आणि ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ म्हणून घेतलेल्या टाकीलाही क्लोराइडमुळे बारीक छिद्रं पडतात. अशा पाण्याला आतून काचेचा थर दिलेली टाकी आणि जाड कांडी बरी. कांडी दोन वर्षांनी पाहायचीच. ओपा किंवा साळावलीच्या सरकारी नळयोजनेचं पाणी असेल तर एवढी चिंता नको. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी बाहेरचं आवरण पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचं घ्यावं. उंच इमारतीतल्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात आठ बार दाब झेलणारी टाकी घ्या.

आता बसवणं. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच आहे, आणि बहुतेक घरं तो प्लंबरवर सोडून चहा करायला जातात.

आमचं जुनं सॉकेट उघडलं तेव्हा वायरमन क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाब, तुमगेर अर्थिंगच ना.” म्हणजे, तुमच्याकडे अर्थिंगच नाही. वरच्या मोठ्या भोकातली हिरवी वायर भिंतीत जातच नव्हती. अडीच इंचांचा तुकडा वाकवून तो शेजारच्या न्यूट्रललाच जोडून दिलेला. बाहेरून तीन पिनांचं सॉकेट, सगळं शिस्तीत. न्यूट्रल कुठे तुटला असता तर गिझरचं अख्खं अंग आणि नळाची तोटी करंट घेऊन उभी राहिली असती. अकरा वर्षं आम्ही त्याखाली न्हालो. म्हणून गिझर घेण्याआधी वायरमनला मीटर लावून अर्थिंग बघायला सांगा, जमलं तर मे महिन्यात. जांभ्याची जमीन सुकली की अर्थचा खड्डाही कमजोर पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी.

नियमाचं म्हणाल तर, आयएसआय चिन्हाशिवाय गिझर विकताच येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलायला परवानाधारक कंत्राटदार लागत नाही, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत असेल तर लागतो. म्हणजे दोन किलोवॉटच्या जागी दोन किलोवॉटचा लावला तर साधं काम. साडेचारचा आणलात तर परवानाधारक माणूस बोलवा आणि वीज खात्याकडचा मंजूर भार पुरतो का तेही बघा. प्लंबिंगसाठी राष्ट्रीय इमारत संहिता 2016 चा भाग 9 आहे. घरापुरतं त्यातलं सार असं की गरम पाणी उलटं गार पाण्याच्या वाहिनीत जाता कामा नये आणि वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट हवी. गिझरला पाणी टाकीतून द्या, खात्याच्या वाहिनीवरून थेट नको. गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी पाईप चालत नाही, क्रीम रंगाचा सीपीव्हीसी घ्या.

दाबाची ती वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. पंचवीस लिटर पाणी तापताना पेलाभर फुगतं, 300 ते 350 मिलिलिटर. व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, म्हणून थेंब-थेंब बाहेर टाकतो. तो दोष नव्हे. आमच्या ओळखीत एकाने ‘गळतंय’ म्हणून त्याच्या तोंडाला टेफ्लॉन गुंडाळून बूच मारून घेतलं होतं. मी पाहिलं त्याच दिवशी काढायला लावलं. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला असता तर ती टाकी म्हणजे बॉम्बच. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कॉकही नको.

आम्ही शेवटी पंचवीस लिटरचाच घेतला, काचेच्या थराचा. गिझरवर जे वाचवलं ते आरसीसीबी आणि नव्या अर्थ-खड्ड्यात गेलं, वर थोडं घालावंही लागलं. व्हॉल्व्हची नळी मोरीपर्यंत आणून सोडली आहे. गिझरच्या अंगावर मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे, आणि तिच्याखाली: कांडी, दोन वर्षांनी, चवथीच्या आधी.