दोघांच्या लांब जलप्रवासासाठी वेफेअरर: नागपूरहून ओढत नेण्याजोगी शिडाची बोट

नागपूरहून शिडाच्या बोटीने लांब जायचं तर आधी रस्त्याने लांब जावं लागतं. मुंबईचा समुद्र समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरपलीकडे आहे. हाताशी आहेत ते जलाशय. रामटेकजवळचं खिंडसी, वैनगंगेवरचं गोसीखुर्द, आणि सिवनी-लखनादौनवरून जबलपूरकडे गेलं की नर्मदेवरचं बरगी. बरगीचं पाणी ७५ किलोमीटर लांब पसरलंय, म्हणजे चार-पाच दिवसांचा मुक्कामी प्रवास तिथे सहज बसतो. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या आत येतं, त्याचा विचार सोडून द्यावा. बाकी कुठेही उतरायचं तर आधी त्या धरणाच्या संबंधित विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी.

म्हणून इथल्या जोडप्याने बोट निवडताना आधी वजन बघावं. आपली रोजची गाडी ती ओढेल का? आणि उतरलेल्या जलाशयाच्या काळ्या मातीवरून दोनच माणसं ती वर घेतील का? दोन्हींना हो म्हणणारी आणि तरी दोघांना रात्री पाठ टेकू देणारी बोट शोधली तर वेफेअरर सगळ्यांत वर येते, असं आमचं ठाम मत आहे.

इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली हिचा आराखडा केला. लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर, रिकाम्या बोटीचं वजन सुमारे १७० किलो. सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडायचं उभं पातं, वर घेतला की तळ जेमतेम २० सेंटिमीटर पाण्यात, खाली सोडला की सुमारे १.१७ मीटर. मोठं शीड ८.८ चौरस मीटरचं, पुढे जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, लावली तर आणखी ४.३. पुढे आणि मागे हवाबंद कप्पे आहेत. ते बोटीला तरंगतं ठेवतात आणि सामानही त्यांतच कोरडं राहतं. फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये याच जातीच्या, ४८ क्रमांकाच्या 'वाँडरर'मधून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं आणि पुढच्या वर्षी नॉर्वे. फ्रँक आणि मार्गारेट डाय हे जोडपं पुढे वर्षानुवर्षं उघड्या बोटीतून हिंडत राहिलं. 'वाँडरर' आज फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे. उत्तर अटलांटिक कुणी इथून गिरवायला जाणार नाही, पण आराखड्यात दम किती आहे हे त्यावरून कळतं.

तुलनेला ड्रासकोम लगर घ्या. ५.७२ मीटरची, दोन डोलकाठ्यांची, स्वभावाने शांत आणि आत जागाही जास्त. पण वजन सुमारे ३४० किलो, म्हणजे वेफेअररच्या दुप्पट. काँक्रीटच्या उतारावर लगर सुंदर वाटते. गोसीखुर्दच्या फेब्रुवारीतल्या काठावर, जिथे पाणी मागे सरून ओली काळी माती उघडी पडलेली असते, तिथे ती दोघांना हलत नाही. केबिन असलेल्या छोट्या बोटींबद्दल एवढंच सांगतो की विदर्भात मार्चनंतर फायबरची बंद केबिन दुपारी भट्टीसारखी तापते. तंबू असलेली उघडी बोट इथे जास्त सुखाची.

आता ट्रेलर. नागपूरहून बघताना अर्धा रिव्ह्यू त्याचाच व्हायला हवा, कारण प्रवास मोडतो तो बहुतेक वेळा रस्त्यात. दुहेरी ट्रेलरच घ्या किंवा बनवून घ्या. यात वर एक हलकी ट्रॉली असते, ती बोटीसकट पाण्यात जाते, आणि खालचा रस्त्याचा सांगाडा काठावर कोरडा उभा राहतो. कारण साधं आहे. दीडशे किलोमीटर धावून तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगला गंज धरतो आणि ती परतीच्या वाटेवर जाम होते. एकेरी ट्रेलर असलाच तर हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. तोवर डोलकाठी उभी करून घ्या.

चाकं छोटी आठ-दहा इंची नकोत. ती जास्त फिरतात, जास्त तापतात आणि वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे त्यांचे टायर मिळत नाहीत. ओढणाऱ्या गाडीच्याच मापाचं चाक आणि तेच बोल्ट ट्रेलरला बसवून घ्या, म्हणजे एका स्टेपनीत दोघांचं काम भागतं. जॅक ट्रेलरच्या अॅक्सलखाली बसतो का, हे घरीच तपासा. गाडीचा जॅक बऱ्याचदा बसत नाही, मग सोबत लाकडाचा ठोकळा लागतो. ग्रीस भरलेल्या बेअरिंग, नवीन सील आणि स्प्लिट पिन बसवलेला एक तयार हब डब्यात ठेवा. रस्त्याच्या कडेला बेअरिंग ठोकून काढण्यापेक्षा अख्खा हब बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरला थांबून हबवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलेला आहे किंवा ग्रीस संपलंय.

हुकवरचं वजन मोजल्याशिवाय निघू नका. बोट, शिडं, सामान आणि ट्रेलर मिळून ४५० किलो होत असतील तर हुकवर ३० किलोच्या आसपास भार हवा, म्हणजे साधारण सात टक्के. घरातला वजनकाटा आणि हुकच्या उंचीचा एक लाकडी टेकू एवढ्यावर तो मोजता येतो. भार कमी पडला की ट्रेलर मागून डोलायला लागतो आणि सिवनीच्या वाटेवर कुरईच्या घाटात उतरताना हे डोलणं जिवावर बेततं. त्यामुळे पाण्याचे कॅन आणि नांगर बोटीच्या मागच्या कप्प्यात टाकायचे नाहीत. पट्टे आवळताना बोटीचा भार मधल्या कण्यावर, रोलरवर यायला हवा. बाजूचे आधार नुसते स्पर्श करणारे. ते वर चढवून ठेवले तर फायबरचा तळ तिथे दबतो आणि काही महिन्यांत जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात.

काठावर काळ्या मातीत ट्रॉलीची चाकं रुतणारच. बांबूच्या दोन तट्ट्या आणि चार पदरी दोरी-पुली सोबत असली की सामान उतरवलेली बोट दोघांना वर घेता येते. तट्ट्या नुसत्या चाकाखाली नव्हे, चालणाऱ्याच्या पायाखालीही लागतात.

जुनी वेफेअरर घेत असाल तर पहिली तपासणी हवाबंद कप्प्यांची. झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावा, निचऱ्याच्या भोकातून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. कॉम्प्रेसर लावू नका, सांधे उचकटतात. आणि नागपूरच्या उन्हाची खास गोष्ट: बोट उभी असताना दोन्ही कप्प्यांची झाकणं आणि बुचं उघडी हवीत. ४५ अंशात बंद कप्प्यातली हवा फुगते आणि फुटतो तो नेहमी सर्वांत कमजोर सांधा. लाकडी बोट असेल तर वरून पांढरं किंवा फिक्या रंगाचं आवरण टाका आणि खाली वारा खेळू द्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत प्लायवुडच्या कडा आणि वार्निश आधी चिरतात, मग पावसाळ्यात त्या चिरांतून पाणी शिरतं.

पाण्यावर ही बोट हलकी आणि उत्तरं पटकन देणारी आहे, म्हणून दोन हलक्या माणसांनी शीड वेळेवर आखडायला हवं. पाण्यावर पांढरे फेस तुरळक दिसत असतील तोवर पूर्ण शीड ठीक. ते सगळीकडे दिसायला लागले, म्हणजे वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला, की पहिला रीफ घ्या, म्हणजे शिडाची खालची पट्टी बांधून ते लहान करा. मोठ्या शिडाला रीफच्या दोन रांगा असल्याच पाहिजेत. रीफ घेण्याआधी बोट थोपवायची. जिब, म्हणजे पुढचं शीड, उलट्या बाजूला धरायची, मोठ्या शिडाची दोरी सैल सोडायची, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध कडेला बांधायचा. बोट जागच्या जागी डुलत राहते आणि दोघांचे चारही हात मोकळे होतात. मग हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) सैल, शिडाचं पुढचं कडं बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) हुकात, हॅलियार्ड पुन्हा घट्ट, त्यानंतर मागच्या कड्याची दोरी मागे आणि खाली ओढून पक्की. मधल्या बारीक दोऱ्या सर्वांत शेवटी, आणि त्याही सैल. त्यांचं काम फक्त लोंबतं कापड गोळा करणं. मागचं कडं नीट ताणलं नाही तर सगळा जोर या दोऱ्यांवर येतो आणि शीड बरोबर त्या रेषेत फाटतं. हे सगळं दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने जमलं पाहिजे. एकाला उष्माघात झाला तर दुसऱ्याला बोट काठाला आणायची आहे.

उलटण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आडवी झालेली वेफेअरर तशीच सोडली तर पुढे पूर्ण पालथी होऊ शकते, आणि जलाशयाच्या उथळ भागात डोलकाठीचं टोक गाळात रुतलं की दोघांना ती फिरवणं अशक्य होतं. डोलकाठीच्या टोकाला दहा लिटरच्या आसपासचा बंद फुगा बांधा. दिसायला बरा दिसत नाही, तरी बांधाच. सरळ करताना एकाने सेंटरबोर्डवर उभं राहायचं, दुसऱ्याने आतल्या बाजूने बोटीला चिकटून राहायचं, म्हणजे बोट उठताना तो आपोआप आत येतो आणि पाणी उपसायला लागतो. काही बोटींत पाणी इतकं भरतं की उपसू तेवढं सेंटरबोर्डच्या खाचेतून परत येतं. तिथे आधी टॉवेल कोंबून खाच बुजवा, मग बादली चालवा. बादली बांधलेली हवी. लाइफ जॅकेट अंगावर हवं, कप्प्यात नाही.

झोपायची सोय सेंटरबोर्डच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना, लाकडी फळ्यांवर, पाय मधल्या आडव्या बाकाखाली. अंगाने रुंद माणसाला कूस बदलताना अडचण होते, हे मान्य करायला हवं. बूमवरून टाकायचा तंबू दोन्ही टोकांना उघडता येणारा आणि मच्छरदाणीचा शिवून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथला खरा मोसम, आणि त्या थंडीत बंद तंबूच्या आतून पहाटे पाणी ठिबकतं. पावसाळी छत्र्या-तंबू शिवणाऱ्या कुणालाही माप दिलं की काम होतं, फक्त शिवणीला आतून पट्टी लावून घ्या. स्वयंपाक काठावर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो, आणि वर कापडी तंबू. झाकणाची एक बादली रात्रीसाठी स्वतंत्र ठेवा. बोटीत मोरी नसते, आणि लांब प्रवासाला नकार बऱ्याचदा याच एका गैरसोयीमुळे येतो.

पाणी दोघांना दिवसाला दहा लिटर धरा, मार्चपासून बारा. वीस-वीस लिटरच्या दोन मोठ्या कॅनपेक्षा दहा-दहाचे चार कॅन बरे. ते पेटीच्या दोन्ही बाजूंना खाली बांधले की बोट स्थिरही होते, आणि एक गळला तरी बाकीचं पाणी राहतं.

नांगर गाळात धरणारा, दोन पात्यांचा, चार-पाच किलोचा. त्याला तीन मीटर साखळी आणि तीस मीटर नायलॉनची दोरी. खोलीच्या किमान पाचपट दोरी सोडायची. धरणात बुडालेली झाडं तळाशी तशीच असतात, म्हणून नांगराच्या पात्यांकडच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून तिला रिकामी बाटली तरंगत ठेवा. खुंटात अडकलेला नांगर तिनेच उलटा निघतो. ढिवर (मासेमार) बांधवांची जाळी संध्याकाळी पडतात, तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्यांवरून ओळखू येतात. दिसताच सेंटरबोर्ड आणि सुकाणूचं पातं दोन्ही वर घ्या आणि वल्ह्यांवर या. वेफेअररचं सुकाणू वर उचलता येतं, त्याचा इथे मोठा फायदा होतो. रात्रीचा मुक्काम कुठे सुरक्षित, हे डोंग्यातल्या माणसाला विचारावं. नकाशावर जे नाही ते त्याला ठाऊक असतं.

हिवाळ्यात इथला वारा सकाळी बराच वेळ पडलेला असतो. अडीच मीटरची चांगली वल्ही असली तर ही बोट दोघांना आळीपाळीने तासन् तास वल्हवता येते, आणि छोट्या मोटारीची गरज वाटते त्याहून कमी पडते. मोटार घ्यायचीच तर आमची पसंती होंडाच्या २.३ अश्वशक्तीच्या यंत्राला. ते हवेने थंड होतं, त्यामुळे गाळ आणि जलपर्णीने पाण्याची वाट तुंबण्याचा प्रश्नच नाही. आवाज मात्र मोठा आहे. मोटारीचं आणि मागे बसलेल्या माणसाचं वजन मिळून बोटीचं शेपूट बसतं, तेव्हा दुसऱ्याने पुढे सरकून बसावं.

डोलकाठी टॅबरनॅकलमध्ये बसवलेली, म्हणजे बुडाशी बिजागरीवर आडवी होणारी असेल तरच घ्या. पूल आणि नदीवरून गेलेल्या विजेच्या तारांखालून जाताना ती पाण्यावरच उतरवता यायला हवी. काठावर उभी करण्याआधी दोघांनीही मान वर करून तारा बघायच्या. शेताच्या बाजूच्या काठांवर त्या खाली झोळलेल्या असतात आणि अॅल्युमिनियमच्या डोलकाठीला तार शिवायचीही गरज नसते, जवळ जाणं पुरतं.