लांडग्याने बकरी नेली, त्यानंतरच्या सरकारी सर्व्हिसचा रिव्ह्यू (५ पैकी अडीच स्टार)

स्टार अडीच देतोय आणि त्यातले दोन एकट्या वनखात्याच्या बीट गार्डचे, हे आधीच सांगतो. उरलेला अर्धा भरपाईचे पैसे शेवटी खात्यात आले म्हणून. ऑफिसचं, तालुक्याचं नाव टाकत नाही, रोज त्याच रस्त्याने जातो-येतो आणि उद्या परत बकरी गेली तर परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय. धुळे जिल्हा, एवढं पुरे.

आमचं घर गावाच्या पार कडेला आहे, मागे नाला आणि नाल्यापलीकडे माळ. मायच्या सात बकऱ्या, तीन पिल्लं. डिसेंबरातली गोष्ट, कांद्याला पाणी द्यायला लाईट रात्रीची होती म्हणून मी वावरात, घरी माय एकटी. साडेचारला फोन वाजला, "अरे लांडगा वना रे, मनी बकरी लई गया!" मी मोटर तशीच चालू सोडून पळालो, चपलेत चिखल भरलेला, घरी येऊन पाहतो तर पऱ्हाटीचं कुंपण एका कोपऱ्यात दाबलेलं आणि आत दोन बकऱ्या आडव्या. एकीचं पोट आणि मागची मांडी खाल्लेली, दुसरीच्या नुसता गळ्यावर चावा, बाकी अंगाला धक्का नाही, झोपल्यासारखी. एक पिल्लू गायबच. कुंपणापाशी बोटभर रक्त आणि थोडे केस, बस.

शेजारचे म्हणे उचला आणि नाल्यात टाका, उन्हं आली की वास सुटेल. आणि मी टाकूनही दिल्या असत्या. पण तेव्हा आमच्या वावरात ठेलारी नानांच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या मेंढपाळाच्या, मेंढ्या बसवलेल्या होत्या, ते आवाज ऐकून आले आणि लांबूनच ओरडले, "हात नको लावू भाऊ, पयले फोटू काढ!" हे वाक्य लिहून ठेवा. नियमच तसा आहे, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. हलवलं की विषय संपला, मग लांडग्याने नेलं का तुम्हीच कापून खाल्लं याला पुरावा काय.

१९२६ ला फोन लावला, हेल्पलाईनला. लागला लगेच, नाव-गाव विचारलं, कळवतो म्हणाले. इथपर्यंत सर्व्हिस झकास. गार्ड अकराला आले, स्वतःच्या गाडीवर, स्वतःचं पेट्रोल टाकून, आणि त्यांच्याकडे आमच्यासारखी अजून कितीतरी गावं. चहा पण आधी नाही घेतला. बकरीच्या गळ्याचे केस बोटाने बाजूला करत करत चार दातांची भोकं शोधली, शेजारी पेन ठेवून फोटो काढला म्हणजे अंतर कळतं, मग मला जवळ बसवून दाखवलं की कुत्र्यांचं काम असतं तर मागून पायाला, शेपटीला, जिथे सापडेल तिथे फाडलेलं दिसलं असतं, आणि बिबट्या असता तर बकरी ओढून आडोशाला नेली असती. नाल्याच्या ओल्या मातीत पाय उमटलेले होते, कुत्र्यासारखेच पण लांबट, मधली दोन बोटं पुढे गेलेली, आणि चाल एका रेषेत. मी इथेच जन्मलो पण हे कधी पाहिलं नव्हतं. दोन स्टार याचे.

आता पुढचं. पंचनाम्याला जनावरांचा डॉक्टर पण लागतो, पोस्टमॉर्टेम आणि किंमत लिहून द्यायला. डॉक्टर आले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत मायने बकऱ्यांवर गोणपाट टाकलं आणि काठी घेऊन दिवसभर कावळे हाकलत बसली, जेवलीच नाही. डॉक्टरांनी तपासलं, मान्य, पण कागदावर मोठीची किंमत आठ हजार आणि लहानीची सात हजार. अहो मोठी गाभण होती, धुळ्याच्या बाजारात तेरा हजाराला डोळे झाकून गेली असती. डॉक्टर म्हणे बाजारभाव असाच धरतात.

इथे खरी गोम आहे. २३ ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयात बकरी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी असेल ते. गाय, बैल, म्हैस असेल तर ७० हजाराची मर्यादा. पेपरात छापून येतं ते १५ हजार आणि माणूस खूश होतो. पण आठ हजाराचे ७५ टक्के म्हणजे सहा हजार, सात हजाराचे सव्वापाच, दोन्ही मिळून ११ हजार २५०. म्हणजे सरकारने आकडा कितीही वाढवला तरी सगळं त्या एका रकान्यावर, जो डॉक्टर घाईत उभ्या उभ्या भरतो. आणि पिल्लाचे शून्य, कारण पिल्लू सापडलंच नाही, मढं नाही तर पंचनामा नाही. लांडगा पिल्लू तोंडात धरून नेतोच ना राव, तो काय ऑफिससाठी ठेवून जाणार आहे का.

ऑफिसच्या चकरा पाच. आधार, पासबुक, फोटो, डॉक्टरचा दाखला, सरपंचाचा दाखला, सगळं दिलं, तर क्लार्क म्हणे सातबारा. मी म्हटलं साहेब बकरी मायची आहे, वावर आबांच्या नावावर आहे, लांडग्याने सातबारा नाही खाल्ला. ते हसले आणि म्हणाले फॉर्मात कॉलम आहे. तिसऱ्या चकरेला साहेब दौऱ्यावर, चौथ्याला प्रिंटरमध्ये शाई नाही. २०२३ मध्ये राज्याने कायदाच केलाय की वन्यप्राण्याने नुकसान केलं तर भरपाई ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर वर व्याज. आमचे पैसे आले साडेचार महिन्यांनी. व्याजाचं विचारलं तर क्लार्क म्हणतो, "जिभाऊ, मुद्दल आलं ना." मीच वेडा, मी पण हसलो.

आमचं तरी घर आहे, पत्ता आहे, पाच चकरा मारायला गाडी आहे. नानांचं ऐका. मागच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात त्यांच्या दोन मेंढ्या गेल्या, अर्ज केलाच नाही. डॉक्टर उद्या येणार आणि कळप आज पुढे हलायचा, दोनशे मेंढ्या एका मढ्यासाठी थांबवून खायला काय घालणार? आणि ज्या गावात फक्त चार रात्री मुक्काम त्या गावचा सरपंच दाखला कशाला देईल. लांडग्याशी सगळ्यात जास्त गाठ यांचीच पडते आणि ही सर्व्हिस यांच्यासाठी बनवलेलीच नाही. तरी या माणसाच्या तोंडून लांडग्याला शिवी ऐकली नाही मी. म्हणे तो त्याचा हिस्सा नेतो.

गावात मात्र वेगळंच सुरू होतं. वॉट्सॲप ग्रुपवर त्याच संध्याकाळी एकाने टाकलं की मेलेल्या बकरीवर कापसावर फवारायचं औषध टाकून ठेवा, परत येईल आणि संपेल. दुसरा म्हणे नाल्यात बीळ असेल, धूर करू. मी लिहिलं की तीन ते सात वर्षं आत जाशील आणि दंड कमीत कमी २५ हजार, तर तो गप्प. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. शिकार बंद, परवाना वगैरे काही प्रकारच नाही. मारायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक लेखी देऊ शकतो, तेही लांडगा माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्यासारखा आजारी-जखमी असेल तरच. बकरी खाल्ली म्हणून नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला पोरं मेली तेव्हा गोळी घालायचे आदेश निघाले होते, ती गोष्ट वेगळी. आणि गंमत पाहा, इंग्रजांच्या काळात लांडगा मारून दाखवला की हेच सरकार बक्षीस द्यायचं. आता देशात उरले दोन-तीन हजार, म्हणजे वाघाच्या जवळपासच, पण वाघासारखा त्याचा कोणी फोटो लावत नाही. बंदी बरोबर आहे असंच माझं मत. पण औषध टाकू म्हणणारा पोरगा कायद्याला भिऊन एकदा गप्प बसला, त्याची स्वतःची बकरी जाईल आणि साडेचार महिने लागतील तेव्हा तो ग्रुपवर लिहिणार नाही, गुपचूप टाकून येईल.

चुलत भावाचा पोरगा अमेरिकेत आहे, डेन्व्हरला. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर म्हणे काका आमच्याकडे पण लांडग्याचंच भांडण चालू आहे. त्यांच्या कोलोरॅडोत लोकांनी २०२० मध्ये मतदान करून लांडगे परत आणायचं ठरवलं, डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून दहा आणून सोडले. आणि जनावर मारलं तर भरपाई किती, एका जनावराला १५ हजारापर्यंत. डॉलर. आमचा आकडा तोच, नाणं फक्त वेगळं, दोघं खूप हसलो. पण मला लागलं ते दुसरंच, तिथे लांडग्याने एक मारल्याचं सिद्ध झालं की हरवलेल्या वासरा-मेंढ्यांचा पण हिशोब धरायची सोय आहे. म्हणजे आमच्या पिल्लासारख्यांचा. एवढं एकच इकडे आणा हो, डॉलर नको.

बाकी तिकडचं सगळंच घेण्यासारखं नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं. शेजारच्या वायोमिंगमध्ये बहुतेक भागात परवान्याशिवाय लांडगा मारता येतो. आणि विस्कॉन्सिनचं ऐकून तर मी त्याला परत सांगायला लावलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे शिकार उघडली, परवानेवाल्यांसाठी कोटा ११९ चा, आणि तीन दिवस पुरे व्हायच्या आत मेले २१८. कारण मारल्याची नोंद करायला शिकाऱ्याला २४ तास, आणि शिकार बंद करायची तर आधी २४ तासांची नोटीस. तोवर कुत्री घेऊन लोकांनी बर्फात जेवढे सापडले तेवढे घेतले. आमच्या ४८ तासांत निदान बकरीच जागेवर पडून असते.

ज्यांना ही सर्व्हिस वापरायची वेळ येईल त्यांना एवढंच, डॉक्टर किंमत लिहीत असताना शेजारी उभे राहा, मागच्या बाजाराची पावती असेल तर तिथेच दाखवा, गाभण असेल तर ते लिहायला लावा. नंतर काही होत नाही. आणि अर्ज दिल्याची पोच तारखेसकट घ्या, मी घेतली नव्हती, म्हणून व्याजाचं भांडण मी तिथेच हरलो.

आलेल्या पैशात तेवढेच घालून सहा फुटी जाळी मारली, लोखंडी दार बसवलं. नानांनी जाताना त्यांच्या वाघुरीचा, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळ्याचा, जुना तुकडा दिला, तो वरून बांधलाय. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा पण त्यांनीच करून दिला, कुत्रं दोन दिवस रुसून बसलं होतं.

परवा संध्याकाळी माय माळावरून आली आणि चुलीपाशी बसता बसता म्हणाली, "तीन व्हतात. एक धाकलं व्हतं." मी म्हटलं कुठे, तर टेकडीच्या अंगाला, लांबून बघत होते म्हणे. मग उठली, जाळीचं दार दोनदा ओढून पाहिलं आणि भाकरी टाकायला बसली.