ब्रेकची डिस्क लेथवर मारायची की नवी टाकायची?

परवा निपाणीहून मावसभावाचा फोन आला, तवंदी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतंय, मेस्त्री म्हणतोय डिस्क (चाकामागची ब्रेकची लोखंडी तबकडी) लेथवर मारून घे, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करून घे, शोरूमवाले म्हणतात नवी टाका, तूच सांग काय करू. आपल्या बेळगाव भागात हा प्रश्न पडणारच की, उद्यमबागेत लेथची काय कमी आहे, आणि कट मारायचा खर्च नव्या जोडीच्या मानाने फारच कमी.

मी त्याला म्हटलं आधी माप घे. डिस्कवरच किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, गंज घासला की दिसते. समजा नवी डिस्क 22 ची आणि किमान 20, म्हणजे दोन्ही बाजू मिळून हातात फक्त 2 मिलिमीटर. आणि हे माप साध्या व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मापकाने) घेऊ नका, कडेला पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे ठोकळे) लागत नाही तिथे ओठासारखा उंचवटा राहतो आणि व्हर्नियर त्याच्यावर बसला की डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मायक्रोमीटरनेच घ्या, सातआठ ठिकाणी, कारण थरथर बहुतेक वेळा डिस्क वाकल्यामुळे नसते तर एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ झाल्यामुळे असते, मिलिमीटरच्या शंभर भागांतला एक-दोन भाग फरक पडला तरी पायाला कळतो.

लेथचा फायदा असा की डिस्क जाड असेल, नुसत्या खाचा असतील, तर एका दुपारी काम होतं. पण प्रत्येक बाजूने 0.3 काढलं तरी 0.6 गेलं, आणि जेवढं लोखंड कमी तेवढी उष्णता साठवायची ताकद कमी. गावात टिळकवाडी ते कॅम्प फिरणाऱ्याला हे जाणवणार नाही, पण चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्याला किंवा आंबोलीला पावसात जाणाऱ्याला नक्की जाणवेल. चिरा असतील, निळे डाग पडले असतील, तर लेथचा विषयच काढू नका.

माझ्या गाडीची मी मारून घेतली होती. दोनतीन हजार किलोमीटरात थरथर परत आली, चोर्ल्याच्या वळणांवर तर भीतीच वाटायला लागली. नंतर कळलं की हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागावर, गंजाचा थर होता, तो कोणी साफच केला नव्हता, त्यामुळे सरळ केलेली डिस्क तिरकी बसली आणि फिरता फिरता पुन्हा असमान घासली. खानापूरकडचा पाऊस माहितीच आहे, इकडच्या गाड्यांना हे होतंच.

नवी घ्यायची तर कंपनीची की बाहेरची? कंपनीची महाग पण माप आणि फिटिंगची चिंता नाही. बाहेरची नावाजलेल्या ब्रँडची, पॅकबंद, पार्ट नंबर जुळणारी असेल तर मी बिनधास्त घेईन, रोजच्या गाडीला पुरते. बिननावाची मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आणि आपल्याकडे फाउंड्र्या आहेत म्हणून कोणी म्हणेल ओतून टर्निंग करून देतो, तेही नको, ब्रेकचं ओतकाम कुठल्या ग्रेडचं आहे, बॅलन्स आहे का, हे आपण डोळ्यांनी बघून कसं ओळखणार?

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो चारसहा ब्रेकात जातो, त्यासाठी काही बदलू नका.

नवी टाकताना जोडीनेच, म्हणजे पुढची डावी-उजवी दोन्ही, आणि पॅडही नवेच. हब तारेच्या ब्रशने घासून चकचकीत, डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसून, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या हलतात का बघून, चाकाचे नट एका आड एक टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने. मग पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, 60 वरून 20 पर्यंत हळूहळू, आणि गरम असताना पाय दाबून उभं राहायचं नाही.

मावसभावाची भरली 20.4. कट मारला असता तर 20 च्या खाली गेली असती, म्हणून त्याने जोडी आणि पॅड मागवलेत, रविवारी मी निपाणीला चाललोय, हब स्वतः घासणार.